त्रेचाळीस रिव्हेट

रविवार, २० मार्च २०१६. सकाळी ६.१०

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो.

एक. मी, डॉ. रेणुकादास निटूरकर, लातूर येथील एका तंत्रनिकेतनात अठरा वर्षे अभियांत्रिकी रेखाचित्रण शिकवतो. माझ्या हातून आजवर एकही रेघ वाकडी गेलेली नाही.

दोन. जानेवारीत द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडून ‘ओब्लिव्हार’ नावाचे सचित्र इंग्रजी पुस्तक तासाला जप्त केले. विषय: सूर्य विझलेले विश्व, त्यातील लोखंडी नगरे आणि त्यांचे रक्षण करणारे चिलखतधारी योद्धे. प्रतिकूल अहवाल लिहिण्यासाठी वाचायला घेतले. तीनदा वाचले. अहवाल प्रलंबित आहे. पुस्तकही.

तीन. या योद्ध्यांना मी ‘भस्मरक्षक’ असा प्रतिशब्द दिला आहे. मूळ इंग्रजी शब्दापेक्षा तो सरस आहे.

चार. पुस्तकाच्या लंडनस्थित प्रकाशकांनी चाहत्यांच्या चित्रांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली आहे. अंतिम मुदत ३० एप्रिल, मध्यरात्र. निवडक चित्रे वार्षिक संग्रहात छापली जातील. स्टाफरूममध्ये मी सर्वांना सूचित केले आहे, की एक पान लातूरचे असेल.

पाच. उपलब्ध दिवस एक्केचाळीस. आवश्यक दिवस बारा.

सहा. फेब्रुवारीपासून नळ कोरडा आहे. आठव्या दिवशी गल्लीत टँकर येतो. घरटी दोनशे लिटर. या मुद्द्याचा वरील पाच मुद्द्यांशी संबंध नाही. केवळ नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिला.

सोमवार, २१ मार्च. रात्री ९

पृष्ठ ८७ वरील चित्रानुसार भस्मरक्षकाच्या चिलखतावर, छातीचे पत्रे जोडणारे त्रेचाळीस रिव्हेट असतात. इंटरनेटवर जगभरच्या चाहत्यांची दोनशे चित्रे तपासली. कोणाचे अडतीस, कोणाचे चाळीस. एका पोलिश गृहस्थाने तर सरळ रेषेत बारा काढून विषय संपवला आहे. दर्जाची ही अवस्था पाहता स्पर्धा एकतर्फी होईल असे दिसते.

मागच्या गल्लीतील हणमंत मास्तर वर्तमानपत्र परत करायला आले. शाळेत चित्रकला शिकवतात. फलकावर पपई वगैरे काढतात. माझा आराखडा पाहून म्हणाले, ‘लई बारीक काम हाय सर. पण ह्याच्यात माणूस कुठाय?’

माणूस शेवटी बसवायचा असतो, हे शिक्षकाला सांगावे लागावे.

रविवार, २७ मार्च

मॉडेल हवे. प्रथम स्वतः आरशासमोर उभा राहिलो, खांद्यावर शस्त्राऐवजी व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप घेऊन. सौदामिनी (पत्नी) म्हणाली, की योद्धा दिसत नाही, गॅस सिलिंडरची वाट बघणारा माणूस दिसतो. निरीक्षण अनावश्यक होते.

दुपारी टँकर आला. चालक मारोती. टँकरच्या मागे, जाड पाइप खांद्यावर टाकून, एक पाय बंपरवर ठेवून उभा होता. पृष्ठ ८७. हुबेहूब.

त्याला प्रस्ताव दिला. त्याने विचारले, ‘मग काढा की फोटू. कुठं बगू?’ मी नम्रपणे सांगितले, की मोबाइलच्या भिंगाने प्रमाण बिघडते. मी फोटोवरून काम करत नाही, प्रत्यक्ष मापे घेतो. तो म्हणाला, ‘हाव, घ्या की. आपल्याला काय.’

पुढच्या खेपेला सुरुवात. आजवर तीन रिव्हेट. एका रिव्हेटला चाळीस मिनिटे लागतात. वेग वाढेल.

सोमवार, ४ एप्रिल

पहिली बैठक. पस्तीस मिनिटे. स्टीलच्या टेपने खांदा, दंड, कोपर, मनगट यांची मापे घेतली. बैठक चालू असताना व्हॉल्व्ह बंद ठेवणे भाग होते. पाणी सोडले की पाइप थरथरतो, आणि थरथरत्या वस्तूचे माप घेता येत नाही.

प्रेक्षक सुमारे साठ, सर्व घागरी, हंडे आणि कॅन यांसह. शहरात प्रत्यक्ष रेखाटनाला एवढी गर्दी झाल्याचे माझ्या स्मरणात नाही. शेजारच्या पारूबाई अग्रभागी होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, त्याला अंगरखा शिवायलाव का? शिवा बापा. पर आधी आमचं भरू द्या.’ मागून कोणी तरी म्हणाले, की लग्न ठरलं असेल मारोतीचं, सर मामा असतील. हशा. लोककलेचा हा मोकळा संवाद मला नेहमीच आवडत आला आहे.

निघताना मारोतीने विचारले, ‘सर, म्होरं छापून येणार का हे? पुस्तकात?’ मी होय म्हणालो. तो म्हणाला, ‘मग माय लई खुश होईल. चाकूरकडं असती ती. तिला वाटतं पोरगं लातुरात निस्तं पाईप वढतंय. तोंड नीट काढा मपलं.’

मी ‘पाहू’ म्हणालो. ‘पाहू’ हा शब्द बंधनकारक नसतो.

शुक्रवार, ८ एप्रिल. गुढीपाडवा

संकल्प: रोज पहाटे दोन रिव्हेट. आज सुट्टी असल्याने प्रारंभ उद्या.

मंगळवार, १२ एप्रिल

शहरात आज पाण्याची रेल्वे आली. अर्धे लातूर स्टेशनवर लोटले होते. आमच्या गल्लीचाही आज टँकरचा दिवस होता आणि गर्दी कमी असल्याने काम शांततेत झाले.

मारोती दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. मिशीला काळा रंग लावला होता. मध्येमध्ये हसत होता. हसू नये असे सांगितले. अर्थात चित्रात त्याने काही फरक पडणार नव्हता. बैठक अठ्ठेचाळीस मिनिटे. या काळात त्याने सांगितले, की उदगीर जिल्हा झाला तर मालक म्हणे सगळे टँकर तिकडेच लावणार, आणि चाकूर मग कुठं जाणार, लातुरात राहणार का उदगिरात, हे कोणालाच ठावं न्हाई. ओब्लिव्हारमध्ये नव्या प्रांतांची स्थापना कशी होते (पृष्ठे १४० ते १५२) हे मी त्याला समजावले. तो तल्लीन झाला होता. डोळे मिटूनच ऐकत होता.

पुढच्या गल्लीची वेळ झाल्याने तो घाईने गेला. शेवटची चार घरे भरायची राहिली. त्यांतले एक आमचे. सौदामिनीने विचारले, ‘घरात पाणी नाही, हे आत्ता सांगू का तुमचे रिव्हेट मोजून झाल्यावर?’ नंतर ती हणमंत मास्तरांकडून दोन हंडे उसने घेऊन आली. मास्तरांशी आपले संबंध एवढे निकटचे आहेत, याची मला कल्पना नव्हती.

रिव्हेट: एकोणीस.

शनिवार, १६ एप्रिल

पारा बेचाळीसवर. ड्रॉइंग पेनची शाई टोकातच वाळते. प्रत्येक रिव्हेटमागे टोक धुवायला पेलाभर स्वच्छ पाणी लागते. सौदामिनीने स्वयंपाकघरात ‘पिण्याचे’ अशी चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीवरचे अक्षर सरळ रेषेत नाही.

बुधवार, २० एप्रिल

चित्र मारोतीला दाखवले. शिष्टाचाराचा भाग म्हणून.

बराच वेळ पाहत होता. कागद हातात घेऊ का, असे विचारले. मी हात पुसायला लावले. मग म्हणाला, ‘सर, मी कुठाय?’

मी खांदा दाखवला. एकास दोन या प्रमाणात साडेतेवीस सेंटिमीटर. लातूरमधील अन्य कोणाचाही तो असू शकत नाही. तो म्हणाला, ‘खांदा ऱ्हाऊ द्या. तोंड कुठाय?’ मी शिरस्त्राणाकडे बोट केले. तो म्हणाला, ‘हे तर टोपडं हाय.’

मी त्याला पृष्ठ २१२ वाचून दाखवले: भस्मरक्षक शपथ घेतो आणि त्यानंतर मृत्यूतही शिरस्त्राण काढत नाही. भाषांतरही करून सांगितले. ते ऐकून घेऊन तो म्हणाला, ‘दोन खेपा उभारलो सर. लोकायच्या शिव्या खाल्ल्या. मायला सांगून बसलो. आता तिला काय दावू, टोपडं?’

व्हॉल्व्ह उघडला. सगळ्या घरांचे पाणी अर्ध्या तासात भरून गेला. माझ्याकडे पाहिले नाही. कामातील ही शिस्त त्याने आधी दाखवली असती तर पारूबाईंची तक्रार उद्भवलीच नसती.

संध्याकाळी सौदामिनी म्हणाली, की काढून टाका ना ते टोपडं, मिशीवाला चेहरा चांगला आहे त्याचा. मी पृष्ठ २१२ सांगितले. ती म्हणाली, ‘नियम करणारा लंडनला आहे. पाणी मारोतीकडे आहे.’

भावनिक युक्तिवादाला उत्तर देत नाही. रिव्हेट: एकोणतीस.

शनिवार, २३ एप्रिल

हणमंत मास्तर मारोतीला चहाला घेऊन जाताना दिसले. मास्तरांच्या हातात ऑइल पेंटचे डबे. शाळेची खिडकी रंगवणार असतील.

मास्तरांच्या मुलीने स्पर्धेचा पत्ता विचारला. दिला. नव्या पिढीला दर्जेदार काम पाहण्याची इच्छा आहे, हे सुचिन्ह.

गुरुवार, २८ एप्रिल. सकाळी ११

टँकर गल्लीत आला नाही. मागच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभा राहतो असे समजले. मारोतीने वरती सांगितले म्हणे, की ‘त्या सरच्या गल्लीत अर्धा घंटा फुकट जातो.’ आता आमच्या गल्लीने दोनशे पावले चालत जाऊन पाणी आणायचे.

पारूबाई आणि आणखी सहा जणी रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या. पारूबाई म्हणाल्या, ‘सर, मोजमाप झालं का? आता आमच्या गुडघ्याचं घ्या. तुमच्या चित्रापायी ह्या वयात घागर वाहायला लागली.’ एक घागर त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. ती मी नेऊन भरून आणायची होती, हे सौदामिनीने नंतर स्पष्ट केले. मला पाठीचा त्रास आहे. तीच घेऊन गेली.

परत आल्यावर म्हणाली, की टँकरच्या मागे काही तरी रंगवलंय, एकदा जाऊन बघा. मी नकार दिला. वाहनांवरील रंगकाम हा कलेचा प्रांत नाही. ती म्हणाली, ‘नाही तर नाही. सगळे थांबून बघतात पण.’

रिव्हेट: छत्तीस.

रविवार, १ मे. महाराष्ट्र दिन. दुपारी १

पूर्ण. त्रेचाळीस. जगात अन्यत्र कोठेही असा भस्मरक्षक नाही.

लंडनची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. हे मी आधीच काढून ठेवले होते. पाच वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे वीस मिनिटे हातात ठेवून, चित्र पाठवले. वेबसाइटवर ‘मुदत संपली’ असे आले. त्यांच्या यंत्रणेत दोष आहे.

झेंडावंदनाहून परतल्यावर सौदामिनीने सांगितले, की इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. तिने रविवारच्या पुरवणीत वाचले होते. म्हणजे तेथील मध्यरात्र आपल्या साडेचारला झाली. एखाद्या देशाने आपली वेळ अशी हलवत राहावी आणि इतरांकडून काटेकोरपणाची अपेक्षा करावी, हे आक्षेपार्ह आहे. आयोजकांना विनंतीपत्र पाठवले. चाळीस मिनिटे म्हणजे फक्त एक रिव्हेट.

शुक्रवार, १३ मे. दुपारी ४

स्टाफरूममध्ये शिरताच टाळ्या. ‘सर, लातूरचं पान आलं.’ पेढे मागवले होते. माझे विनंतीपत्र मान्य झाले, असे मी समजलो. अभिनंदन स्वीकारले. प्राचार्यांशी हस्तांदोलन. ‘चिकाटी’ या विषयावर चार वाक्ये बोललो.

मग कोणी तरी निकालाचे पान उघडून मोबाइल पुढे केला.

टँकरचा मागचा भाग. ऑइल पेंट. पाइप खांद्यावर, एक पाय बंपरवर, चिलखत घातलेला मारोती. शिरस्त्राण काढून काखेत धरलेले. मिशी काळी. हसतो आहे. खाली: ‘चित्र: हणमंत मास्तर, लातूर.’ मी रिव्हेट मोजले. नऊ.

परीक्षकांचा अभिप्राय: ‘आलेल्या हजारो चित्रांत हा एकच योद्धा खरोखर कशाचे तरी रक्षण करतो आहे असे वाटते.’

पेढा हातातच होता. खाल्ला.

शनिवार, १४ मे. सकाळी ७

आज टँकरचा दिवस. सौदामिनी काल तिच्या भावाकडे नांदेडला गेली. जाताना म्हणाली, की पाऊस पडला किंवा टँकर दारात आला, की येईन. दोन्हींपैकी जे आधी होईल ते. ‘पिण्याचे’ या चिठ्ठीखालच्या हंड्यात दोन पेले शिल्लक होते. एक पेनसाठी ठेवला होता. प्यालो.

परीक्षकांना लिहायच्या पत्राचा मसुदा काल केला. शपथभंग, रिव्हेटची संख्या, मिशीला पुस्तकात कोठेही आधार नसणे असे एकवीस मुद्दे. आज दुसरे पत्र तातडीचे असल्याने ते मागे ठेवले. दुसरे पुढीलप्रमाणे:

प्रति, श्री. मारोती, टँकरचालक, मुक्काम मागच्या गल्लीचा कोपरा.

महोदय, एक, आपल्या दोन्ही बैठकांची मापे माझ्याकडे सुरक्षित आहेत. दोन, सखोल फेरविचारानंतर मी शिरस्त्राण काढण्यास तयार आहे. तीन, चेहरा मिशीसह व हास्यासह काढला जाईल, आणि त्याची एक प्रत चाकूरला आपल्या मातोश्रींना माझ्या खर्चाने पाठवली जाईल. चार, या कामी आपल्याला उभे राहावे लागणार नाही. फोटो चालेल. पाच, रिव्हेट आपण सांगाल तितके.

तरी टँकर आमच्या गल्लीत पुन्हा कोणत्या वारापासून आणि किती वाजता येईल, हे कृपया उलट टपाली लेखी कळवावे. पत्र घेऊन मी स्वतः रांगेत उभा आहे. पारूबाईंच्या मागे, दोन घागरींसह.