वरचा सा

काका,

तीर्थरूप लिहिणार होते, पण हात वळला नाही.

तुमच्या पंचाहत्तरीच्या सत्कारात दाखवायची फिल्म माझ्याच स्टुडिओकडे आली आहे. बारा वर्षं मी तुमच्यामागे तानपुरा घेऊन गायले. स्वतःची मैफल मागितली, तर चारचौघांत म्हणालात, "उत्तराचा आवाज मागेच शोभतो." मग मी गाणं सोडून रेडिओवर निवेदन केलं, आणि आता कॉलेज रोडला फिल्म बनवते. कुठला आवाज पुढे, कुठला मागे, हे हल्ली मी ठरवते.

काल तुमचा देवव्रत मनमाडच्या मैफलीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग देऊन गेला. म्हणाला, "बाबांचा तो वरचा सा घे हं, अख्खी सभा उभी राहिली होती."

काका, त्या दिवशी तुमचा घसा बसला होता. तो सा मी लावला. तुम्ही नुसतंच तोंड उघडलंत. आपले माईक वेगवेगळे रेकॉर्ड झाले होते, हे तुम्हाला ठाऊक नसावं.

हे पत्र पाठवणार नाही, नाहीतर तुम्ही सत्काराला यायचेच नाहीत. रविवारी या, पहिल्या रांगेत बसा. मी काहीही बिघडवलेलं नाही. फक्त माझा आवाज काढून घेतला आहे.

तुमच्यामागे बसायची ती,
उत्तरा