पहिली ऑफर मान्य नाही

३ मार्च
प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं. सहा तारखेला. घाबरलेलो नाही. मेहुण्याचं गेल्या वर्षी हेच झालं, तेव्हा त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला होता. मी हूं की चूं करणार नाही, असं त्याला फोन करून कळवलं.

४ मार्च
भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. माझ्या धाकटीच्या वयाच्या. म्हणाल्या, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करू, त्यात अफूच्या जातीचं औषध थोडंसं मिसळू. भुलीचं औषध कमी लागेल, बीपी फार पडणार नाही, नंतरही बराच वेळ दुखणार नाही. फार तर खाज सुटेल.
बत्तीस वर्षं युनियनचा सेक्रेटरी होतो. पहिली ऑफर घ्यायची नसते. नको म्हणालो. ताणून धरलं की लवकर डिस्चार्ज पदरात पडेल. बाईंनी पुन्हा समजावलं. मी पुन्हा नको. त्यांनी तसं लिहून घेतलं, माझी सही घेतली. चेहरा पडला होता. दबाव वाढतोय.

५ मार्च, संध्याकाळ
अ‍ॅडमिट. सुधारित ऑफर नाही. बायको म्हणते, अजूनही हो म्हणा. तिला वाटाघाटीतलं ओ की ठो कळत नाही.

६ मार्च, सकाळी ८
बाईंनी स्वतःहून विचारलं, विचार बदलला का. म्हणजे घाबरल्या! खिडकीजवळची कॉटही मागून पाहिली. म्हणाल्या, कॉटचं सिस्टरना विचारा. मग माझंही ठाम नको.

दुपारी १२
ऑपरेशन झालं. पाय बधिर. काहीही दुखत नाही. उगाच बाऊ करतात. मेहुण्याला मेसेज: विजय.

२.१०
पाय परत आले. बाकीचंही आलं. लघवीची नळी आत आहे.

२.३५
दुखत नाही. जळतंय. फरक आहे. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, परत पाठवली. संप पहिल्याच दिवशी मागे घेत नसतात.

३.०५
मेहुणा भेटायला आलाय. आजच सुचलं याला.

७ मार्च
काल पुढे लिहिता आलं नाही. सिस्टरने विचारलं, दहापैकी किती दुखतंय. चौदा सांगितलं. मेहुण्यासमोर ओरडलो की त्या बाईंना बोलवा, असेल ते द्या, काही अट नाही. बाई धावत आल्या. इंजेक्शन दिलं आणि आराम पडेपर्यंत उभ्या राहिल्या. टाकून एक शब्द बोलल्या नाहीत. मेहुणा माझे पाय दाबत होता.
बायकोला म्हटलं, त्यांनी दुसरी ऑफर वेळेवर आणली असती तर ही वेळच आली नसती. ती म्हणाली, अहो, ती ऑफर नव्हती, औषध होतं. आणि रडायला लागली.
टेबलापलीकडचं माणूस आपल्याच बाजूचं असतं, असं आजवर कधी झालं नव्हतं. मला कसं कळणार?