दादाची कॅसेट

३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कॅसेट चोरली, चोरली म्हणून अजून किती कागद काळे करशील? सांगून नेली असती तर तू दिली असतीस का? जाण्याआधी दादाने त्या व्हिडिओ गेममधला खेळ जिथे थांबवला ते सगळं, त्याचं घर, तळं, त्याचं नाव, एका चिपमध्ये आहे आणि ती चिप बटणाएवढ्या सेलवर जगते. त्या सेलने गळून आतला बोर्ड खाल्ला होता. तो सेल संपला असता तर दादा दुसऱ्यांदा गेला असता. मग आई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर कुणाला बघायला बसली असती?

जुन्या गेमच्या कॅसेटींसाठी नवे बोर्ड आखायचे, हेच तर इथे माझं काम. सातवी नापास म्हणून हसायचीस ना? बाहेरून दुसरा सेल जोडला आणि सलाइनवरचा पेशंट खाटेवरून खाटेवर घ्यावा तशी चिप जिवंतच नव्या बोर्डावर घेतली. नवा सेल तुझं लग्न होईपर्यंत टिकेल, म्हणजे बघ किती! सोबत कॅसेट पाठवतोय. आईला नमस्कार. रागावलीस तरी चार ओळी टाकत जा.

तुझा धाकटा


१४ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

थट्टा पुरे. कॅसेट लावली. नावाच्या जागी नुसत्या रेघा. घर नाही, तळं नाही, सगळीकडे काळं, आणि त्यात खेळातला दादा एकटा उभा. रिमोटला कुणाचा हात नसताना डावीकडे सरकतो, कशाला तरी धडकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. आई म्हणते, तो दार शोधतोय. टीव्ही बंद करू देत नाही. अंधारात त्याला एकटं कसं टाकू, म्हणते. काल ताट घेऊन त्याच्यासमोर बसली आणि घास तसाच हातात राहिला. त्या खोलीत पडद्याकडे पाठ करून उभं राहणं आता मलाही जमत नाही.

पाठवण्याआधी चालू करून तरी बघितलीस का रे? दादा आहे की गेला, तेवढं सरळ सांग. आईला काय सांगायचं ते मी बघते.

वेळेवर जेवत जा.

ताई


२३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नाही बघितली. सुरुवातीचं गाणं वाजलं आणि माझा धीर सुटला. स्विच बंद केला नि पार्सल बांधलं.

पण दादा आहे. बोर्डावर जागा कमी पडली की आम्ही चिपला आतल्या खणांचे नंबर सांगणाऱ्या दोन तारा खुशाल उलटसुलट नेतो. कोऱ्या चिपचं त्याने काही बिघडत नाही, ज्या खणात ठेवेल त्याच खणातून ती काढते. सवयीने इथेही तसंच केलं. ही चिप भरलेली होती, हे डोक्यातच आलं नाही. त्याचं सामान जागच्या जागी आहे, खणांचे नंबर तेवढे मी फिरवले. त्या तारा सरळ केल्या की घर दिसेल.

एकच सांभाळ. गेममधलं 'सेव्ह' कुणी दाबायचं नाही. दाबलं तर हा काळोखच त्याच्यावर लिहिला जाईल, मग माझ्याही हातात काही नाही. टीव्ही मात्र बेलाशक बंद करा. आईला म्हणावं, टीव्ही बंद असला तरी आत सेल जागता आहे, दादा एकटा नाही.

आता पोस्टाचा भरवसा नको. मालक सुट्टी द्यायला तयार नाही, म्हणून कॅसेट आणि आईला घेऊन तूच ये. तारा आईसमोर जोडीन आणि या वेळी मीही शेवटपर्यंत बघीन. माझी खोली लहान आहे, पण दोघींना आडवं होता येईल. लोभ ठेव, शिव्यांसकट चालेल. तिकिटांचे दोन हजार चारशे पाठवतोय.