तिसऱ्या प्रकरणात पाहिल्याप्रमाणे

३ मार्च, मंगळवार
मॅनेजमेंटची मिडटर्म झाली. घरूनच, कम्प्युटरवर, पुस्तक बंद ठेवून. चारही प्रश्न तयारीतले. डेलिगेशनचं, म्हणजे हाताखालच्यांवर काम सोपवण्याचं उत्तर तर घडाघडा उतरलं. सकाळी पोळ्या लाटताना तेच घोकत होते. ईशा म्हणाली, "आई, आर यू प्रेइंग?" सोळा वर्षांची झाली, पण आईचा अभ्यास अजून ओळखता येत नाही.
शेवटचं सेमिस्टर. मे महिन्यात इथली, अमेरिकेतली, बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची दोन वर्षांची असोसिएट डिग्री. अमरावतीला बी.कॉम.चं शेवटचं वर्ष लग्नापायी राहिलं, त्याला तेवीस वर्षं झाली. दाताच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्कला बसते तिथल्या डॉक्टर म्हणाल्यात, डिग्री आण, ऑफिस मॅनेजर तूच. जूनपर्यंत जागा ठेवतील.

१० मार्च
शून्य!
मॅनेजमेंट शिकवणाऱ्या प्रो. वॉल्टर्स बाईंची ईमेल. उत्तरं पुस्तकाशी शब्दन्‌शब्द जुळतात, १७ला डीनच्या ऑफिसात या. कॉपी ठरली तर कोर्स नापास. म्हणजे मेमध्ये डिग्री नाही आणि क्लिनिकची ती जागाही नाही.
अहो, जुळणारच ना! पाठ केलंय. अमरावतीच्या देशमुख मॅडम बजावायच्या, "पुस्तकातलेच शब्द लिहा, मार्क कापायला जागा ठेवू नका." मी स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी ठेवलेत. शेजारच्या बाकांवर चिठ्ठ्या फिरायच्या तेव्हाही मान वर केली नाही, आणि या वयात कॉपी!
क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. मग आत जाऊन "गुड मॉर्निंग".

१२ मार्च
नितीनला आज सांगितलं. नवरा म्हणून काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, फार तर पुढच्या वर्षी कर." पुढच्या वर्षी! तेवीस वर्षं तेच तर चाललंय. दिवसभर बोलले नाही. त्याच्या ते लक्षात आलं की नाही देव जाणे.

१७ मार्च
डीन भला माणूस, पण चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. प्रो. वॉल्टर्सनी माझा पेपर पुढे केला. एका ओळीवर पिवळी खूण. "तिसऱ्या प्रकरणात पाहिल्याप्रमाणे." हे मी परीक्षेत लिहून बसले होते! "व्हिच चॅप्टर थ्री?" त्यांनी विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मग मात्र डोकं फिरलं. म्हटलं, कुठलंही पान काढा. त्यांनी मधलंच एक काढलं, पहिले दोन शब्द वाचले. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि सुरू झाले. दीड पान. आकृती पाहा, हेसुद्धा म्हटलं. डीन एकदा पुस्तकाकडे बघत होते, एकदा माझ्याकडे.
"ओके. आय बिलीव्ह यू," बाई म्हणाल्या. "नाऊ टेल मी हाउ यू डेलिगेट. यू, अ‍ॅट वर्क, एनीव्हेअर."
तोंड उघडलं. काही आलंच नाही.
कॉपीचा आरोप गेला. शून्य तूर्त तसंच. १ एप्रिलपर्यंत डेलिगेशनवर दोन पानं, स्वतःच्या अनुभवातून, स्वतःच्या शब्दांत. त्यालाच मिडटर्मचे मार्क, आणि त्यात नापास तर कोर्समध्ये नापास. आरोपाचा राग होता तो त्या खोलीत गप्प बसल्यावर पार उतरला. मला येतं असं इतकी वर्षं वाटत होतं.

२२ मार्च, रविवार
काल इथल्या महाराष्ट्र मंडळाचा पाडवा. जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. श्रीखंड करायचं काम चौघींना वाटून दिलं होतं. आयत्या वेळी कमी पडलं, कोणी पातळ केलं तर? म्हणून चौघींच्या वाटचं मीही घरी करून ठेवलं. चौघींनीही झकास करून आणलं. आता गराजमधल्या फ्रीजमध्ये श्रीखंडाशिवाय काही नाही. त्या चौघींतल्या सुलभाकाकू हसत हसत म्हणाल्या, "अगं, भरवसा नव्हता तर सांगितलंस कशाला?" लागलं मला ते.

२५ मार्च
दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. ईशाने वाचलं. "आई, इट्स जस्ट द टेक्स्टबुक विथ युअर नेम ऑन इट."
नितीन चहा पिता पिता, "दे इकडे, अर्ध्या तासात लिहून देतो. ऑफिसमध्ये मी दुसरं काय करतो?" जी कॉपी नव्हती तिच्यासाठी मी शून्य खाल्लं, आणि हा खरीखुरी कॉपी करायला निघालाय! कडाक्याचं भांडण. नंतर बिचाऱ्याने न सांगता डिशवॉशर लावला. तो गेल्यावर मी सगळी भांडी काढून माझ्या पद्धतीने लावायला घेतली. चौथ्या ताटाला हात थांबला. हसू आलं, लाजही वाटली. भांडी तशीच राहू दिली.

२९ मार्च
लिहिलं. श्रीखंडाचंच लिहिलं. चक्का म्हणजे काय हे इंग्रजीत सांगण्यातच अर्धं पान गेलं. काम मी वाटून दिलं होतं, सोपवलं नव्हतं, असं काहीसं आहे त्यात. इंग्रजी ओबडधोबड. नितीनला वाचायला दिलं नाही, ईशालाही नाही.

१ एप्रिल
दिलं एकदाचं.
क्लिनिकमध्ये ब्रियानाला पेशंट्सना आठवणीचे फोन करायला सांगितले. नवीन मुलगी आहे. दोन आडनावांचा पार भुगा केला तिने. मी जीभ चावून फाइली लावत बसले. सगळे पेशंट हो म्हणाले.

९ एप्रिल, गुरुवार
अजून मार्क नाहीत. दहादा ईमेल उघडून झाली.
दुपारी कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये प्रो. वॉल्टर्स समोरून आल्या. "आय हॅव क्वेश्चन्स अबाउट युअर पेपर. मंडे?" मी "येस" म्हटलं, त्या क्लासमध्ये शिरल्या. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. प्रश्न कसले? पास करायला की नापास करायला?
गाडीत बसून काय लिहिलं होतं ते म्हणून पाहायला लागले. पुस्तकातली डेलिगेशनची व्याख्या अजून झोपेतसुद्धा सांगेन. माझी दोन पानं मात्र पहिल्या ओळीपासूनच आठवेनात. सोमवारी सगळं नव्याने सांगावं लागणार.