बत्तिसाव्या प्रकरणाआधी

प्रिय कोरी,

माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच कचऱ्यात टाकलं नसशील, तर एवढं वाच. अक्षर वाकडंतिकडं आलंय, पण त्याला म्हातारपण कारण नाही. आज सकाळी साडेदहाला मला जो धक्का बसला तो अजून हातातून उतरलेला नाही. दुपारचे चार वाजलेत, कॉफीचा तिसरा कप गार झालाय, आणि आपला कुत्रा गस टेबलाखालून माझ्याकडे असा बघतोय की या माणसाला झालंय तरी काय. सांगतो. पण मला सरळ सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. तुझी आई म्हणायची, हार्लनला पाणी मागायचं असलं तरी तो विहीर खणण्यापासून सुरुवात करतो.

तर विहीर अशी. मी अजून टपालच वाटतो. अठ्ठावन्न मैल, चारशे बारा पत्रपेट्या, तोच रस्ता. गाडीचं चाक डावीकडे आणि पेट्या उजव्या कडेला, म्हणून अजून उजव्या सीटवर बसून डाव्या हातानं चाक आणि डाव्या पायानं ब्रेक, ज्याला तू लहानपणी खदाखदा हसायचीस. फरक एवढाच की आता दिवसभर कानाशी कुणीतरी बोलत असतं. सकाळी टपाल लावताना मासेमारीचा पॉडकास्ट. त्यातले दोघे भाऊ मासे कमी पकडतात आणि भांडतात जास्त. जेवणानंतर जुन्या खुनांच्या तपासाचा, कारण त्याशिवाय डोळे मिटायला लागतात. आणि या दोन्हींच्या मध्ये, पेट्रोल पंप ओलांडला की सँडविच उघडेपर्यंत, आईचं पुस्तक.

आईचं म्हणजे ऐकायच्या पुस्तकांच्या तिच्या खात्यातलं. केमोच्या खुर्चीत तिला तासन्‌तास बसावं लागायचं तेव्हा तूच ते खातं उघडून दिलं होतंस, तिघांत मिळून एक. ती गेल्यावर मी ते बंद केलं नाही. कसं करणार? त्यात तिच्या नोंदी आहेत. ऐकता ऐकता उठावं लागलं की ती दोन शब्द टाइप करून तिथे खूण करून ठेवायची. ‘आलेच, ओव्हन.’ ‘आलेच, नर्स.’ ‘आलेच, हार्लनला मोजे सापडत नाहीत.’ शेवटची नोंद दीपगृहाच्या राखणदाराच्या त्या लांबलचक कादंबरीत, नवव्या प्रकरणात. नुसतंच ‘आलेच.’ पुढे काही नाही. तीन वर्षं मी त्या पुस्तकाला हात लावला नव्हता. या मार्चमध्ये लावला. म्हटलं, तिचं राहिलेलं आपण पुरं करावं.

आणि इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. मी दुपारी अठराव्या प्रकरणावर बंद करायचो, दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली की पुस्तक एकविसाव्यावर. मागे न्यायचं, ऐकायचं, बंद करायचं, की उद्या परत पुढे. आधी फोनला शिव्या दिल्या. मग फोन बदलला. तरी तेच. मग खुनांचे तपास ऐकून ऐकून पाजळलेली माझी अक्कल धावून आली आणि मी निष्कर्ष काढला की आईच्या खात्यात चोर शिरलाय. कुठल्या तरी शहरात कुणी फुकट्या बसलाय आणि माझ्या बायकोची पुस्तकं ऐकतोय. तिच्या नोंदी वाचतोय. तिच्या मोज्यांच्या नोंदीवर हसतोय. माझा नुसता तिळपापड झाला.

गेल्या गुरुवारी काम आटोपून मी तडक वाचनालयात गेलो. तिथली नॅडीन आठवते ना, तुझ्या वर्गातली, मोठ्यानं हसणारी? ती आता तिथली मुख्य आहे. तिनं पासवर्ड कसा बदलायचा ते दाखवलं आणि म्हणाली, सगळ्या फोनांवरून बाहेर काढायचं बटण आहे, पण जपून, घरातलं कुणी वापरत असेल तर तेही बाहेर पडेल. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, “घरात मी आणि कुत्रा. कुत्रा कादंबऱ्या ऐकत नाही.” सगळं वाचनालय हसलं. मीही हसलो आणि बटण दाबलं. नवा पासवर्ड रागातच टाकला. तो काय होता ते सांगायला लाज वाटते, पण आज सगळंच सांगायचं ठरवलंय. ‘चालता हो चोरा.’ घरी येताना मी शिट्टी वाजवत होतो, कोरी.

शुक्रवारपासून पुस्तक मी ठेवलं तिथेच सापडू लागलं. जिंकलो म्हणून मी फुशारलो होतो. आज सकाळी एकतिसावं प्रकरण संपलं तेव्हा मी टॉलेफसनबाईंच्या पेटीशी होतो. एप्रिल आहे, मागच्या सीटवर टपालानं आलेल्या कोंबडीच्या पिल्लांची पाच खोकी, त्यांची चिवचिव एवढी की प्रकरणाचं शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही. मागे न्यायला म्हणून फोन हातात घेतला, बोट भलतीकडे पडलं आणि नोंदींची यादी उघडली. ती यादी मी एरवी उघडत नाही. आईच्या नोंदी पुस्तकात समोर आल्या तर वाचतो, शोधत जात नाही, हिंमत होत नाही. यादीत सगळ्यात वर एक नोंद होती. तारीख गेल्याच आठवड्यातली, मंगळवारची.

आई जाऊन तीन वर्षं झाली. आणि तिच्या यादीत नोंद परवापरवाची. माझ्या पायाखालचा ब्रेक सुटला आणि गाडी घसरत जाऊन पेटीच्या खांबाला टेकली. खांब शाबूत आहे, काळजी करू नकोस. मग वाचलं.

‘बाबा, बत्तिसावं प्रकरण गाडी चालवताना ऐकू नकोस. थांबून ऐक.’

मला बाबा म्हणणारं या जगात एकच माणूस आहे. टॉलेफसनबाई बाहेर आल्या, काचेवर टकटक करून म्हणाल्या, “काय रे हार्लन, मेलास की काय?” मी म्हटलं, नाही, पण मेलो असतो तर बरं झालं असतं. त्यांनी मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्या गाडीतली त्यांच्या नावाची पिल्लं स्वतः उचलून नेली. मी बसून विचार करत होतो. म्हणजे दीड महिना माझ्यापुढे दोन-तीन प्रकरणं चालणारी तू होतीस. कथेत त्या राखणदाराची बायको पंचविसाव्या प्रकरणापासून खोकतेय. पुढे काय होणार हे तू आधी ऐकलंस, आणि तुला आठवलं की हा म्हातारा हे चालत्या गाडीत ऐकणार. आणि मी? मी तुला चोर समजून हाकललं.

उरलेल्या पेट्या कशा भरल्या देव जाणे. दोन ठिकाणी एकाचं टपाल दुसऱ्याला गेलं असणार. घरी आल्याबरोबर मी ते करायला घेतलं जे तीन वर्षं केलं नाही. तुझा ठावठिकाणा असला तर तिच्याकडेच, म्हणून आयव्हीमावशीला फोन लावला. ती म्हणाली, हा नंबर फिरवायला तुला तीन वर्षं लागली होय? आणि मग तिनं ते सांगितलं, जे ऐकून मी खुर्चीत बसलो तो अजून उठलेलो नाही. गुरुवारी संध्याकाळी तू तिला फोन केला होतास. तू एवढंच म्हणालीस, “मावशी, बाबानं मला तिथूनही बाहेर काढलं.”

तिथूनही. बाळ, तो शब्द मी तेव्हापासून खातोय. मंगळवारी तू लिहिलंस आणि गुरुवारी दार बंद. तुला वाटलं, बाबानं वाचलं आणि हे उत्तर दिलं. तुला तसंच वाटणार, कारण पहिलं उत्तर मी तसंच दिलं होतं. आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला, चर्चच्या तळघरात, सगळ्यांच्या हातात हॅमचे सँडविच असताना, मी म्हटलं होतं की ती तीन दिवस दाराकडे डोळे लावून होती, आता कशाला आलीस, चालती हो. तू कोट घातलास आणि गेलीस. एकही शब्द उलटून बोलली नाहीस. तेव्हा मला वाटलं, बोलायला तोंड आहे कुठे हिला.

बोलायला तोंड मला नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आयव्हीलासुद्धा आजच सांगितलं. आई जाण्याआधीच्या शनिवारी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, आजच निघू का? डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की दोन-तीन दिवस, फार तर चार. आणि मी तुला म्हणालो, घाई नको, पुढच्या आठवड्यात ये, बरी आहे ती. तोंडातून खरं निघालं तर ते खरं होईल असं मला वाटलं. एवढा मोठा बाप्या आणि हे शहाणपण. ती दाराकडे बघत राहिली ती माझ्यामुळे. तुला हे ठाऊक होतं, त्या फोनवर तूच होतीस, आणि तरी तू तळघरात सगळ्यांदेखत माझी लाज राखलीस.

मावशीनं पत्ता दिला, पण बजावून दिला. म्हणाली, “जाऊन दारात थडकायचं नाही. पत्र टाक. आणि पासवर्डबिसवर्ड मी पोचवणार नाही, तुझं तू निस्तर.” जुना पासवर्ड परत लावायला गेलो, तर एकदा बदललेला घेत नाही म्हणे. म्हणून हे पत्र. मी तुला बाहेर काढलं नव्हतं, कोरी. या वेळी नव्हतं. मागच्या वेळी काढलं होतं आणि त्याची माफी मागायला मला जागा नाही, तरी मागतो. चोराचा पासवर्ड मी पुसून टाकलाय. नवा काय ते उघडं लिहीत नाही, एकतीस वर्षं टपालात काढल्यावर एवढी अक्कल येतेच. आईचा तो शेवटचा शब्द, आणि लगेच पुढे आपल्या पत्रपेटीवरचा आकडा. आकडा तूच रंगवला होतास, तिसरीत असताना, त्यातला सात उलटा आहे. मी एकतिसाव्या प्रकरणावर थांबलोय आणि तिथून हलणार नाही. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी बघेन. पुस्तक पुढे सरकलेलं दिसलं, की मी टॉलेफसनबाईंच्या पेटीशी गाडी बाजूला घेईन, इंजिन बंद करीन, आणि मग बत्तिसावं ऐकेन.

खांबाला टेकलेला, तुझाच,
बाबा