खोल गेलेली पाचर

२६ नोव्हेंबर

चार नंबरचं रिव्हॉल्व्हर आज परत अडकलं. भर काउबॉय शोमध्ये. इद्रीस घोड्यावरून उतरला, दरोडेखोरावर ते रोखलं, दोन बार झाले आणि पुढे चक्र फिरेचना. शेवटी त्याने तोंडानेच ठो केलं म्हणे. टुरिस्ट हसले. आमची मॅनेजर एमान हसली नाही.

वर्कशॉपमध्ये आल्यावर ह्यांनी सगळ्यांदेखत मलाच विचारलं, "शोभना, ग्रीस लावलं होतंस ना?" जशी काही मी नुसती ह्यांची हेल्पर. कागदावर तेवढीच आहे म्हणा.

लावलं होतं. मीच लावते. ह्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून, म्हणजे उन्हाळ्यापासून, शोची सगळी रिव्हॉल्व्हरं मीच खोलते. जुन्या काळातल्यांच्या नकला आहेत, गोळी नसते, नुसती काळी दारू आणि धूर. पण ती दारू जळली की काजळी फार. कढत साबणाच्या पाण्यात धुवायचं, सुकवायचं, चक्र ज्या आसावर फिरतं तिथे मेण-चरबी भरायची. चरबी असली की काजळी मऊ राहते. कोरडी झाली की चक्र धरते.

हे खुर्चीत बसून सूचना देतात. आणि तपासणीच्या कागदावर खाली सही — विजयकुमार, आर्मरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा. सहीसुद्धा आता वाकडी येते. कोणी बघत नाही म्हणून चाललंय.

२८ नोव्हेंबर

कारण सापडलं. पाचर!

नळी जागेवर धरून ठेवते ती लोखंडी पट्टी. अंगठ्याने दाबून बसवायची, बास. हातोडीने ठोकून खोल घातली की नळी मागे सरकते, चक्राला टेकते. मग जराशी काजळीही पुरते. मी अंगठ्यानेच बसवली होती. आज बघते तर पार आत, कडेवर हातोडीचे घाव. आस कोरडा ठणठणीत.

कोणीतरी माझ्यामागे खोलतंय.

ह्यांना सांगितलं. "कुशल असणार," म्हणाले. मोबाईलमधून मान वर न करता.

कुशल रिव्हॉल्व्हरांची पेटी रिंगणापर्यंत नेतो, शो संपला की आणतो. मागे एकदा त्याच्यासमोर पाचर निघून खाली पडली होती, तेव्हा केवढा घाबरला होता. परत पडू नये म्हणून ठोकत असेल. असेलच.

३० नोव्हेंबर

मिहिकाचा फोन. मोहम्मद बिन झायद सिटीत नवीन फ्लॅट बघतायत ती आणि जावई. पाणी, पार्किंग सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "आई, जस्ट टेल देम बाबा इज नॉट वेल."

सांगू, आणि मग? शस्त्रांचं परमिट ह्यांच्या नावावर. व्हिसा कंपनीचा. डोक्यावरचं छप्पर कंपनीचं.

"बट यू आर डूइंग हिज जॉब."

मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, ठेवते. कुकर लावलाच नव्हता.

२ डिसेंबर

इथला नॅशनल डे. शो फुल. इद्रीसचा हात भाजला.

परत चार नंबरच. चक्र अर्धवट फिरून थांबलं. त्याने जोर लावून हॅमर मागे ओढला, चाप दाबला, आणि बार नळीतून न जाता बाजूने फुटला. मनगट, तळहात, सगळं. ओरडला नाही बिचारा, कॉलरला माईक होता. लोकांना वाटलं शोमधलंच आहे. टाळ्या वाजवल्या.

नंतर एमान वर्कशॉपमध्ये आली. दुपारी मी तपासून दिल्यानंतर हात कोणी लावला, एवढंच विचारलं. हे कुशलकडे बघत राहिले. आणि मी बोलले. "कुशल."

कुशल म्हणाला, "मॅडम, मैं तो पेटी खोलता भी नहीं. चाबी सर के पास रहती है."

हे म्हणाले, "झूठ मत बोल."

एमान म्हणाली, "खलास." म्हणजे पुरे आता. उद्यापासून तो दुबईला, अल क्वोजच्या गोडाऊनला. ठेवायचं की घरी पाठवायचं ते नंतर ठरेल.

३ डिसेंबर

कुशल बॅग घेऊन गेला. जाताना मला नमस्ते केलं, रोज करतो तसंच.

६ डिसेंबर

आज चार नंबर पुन्हा उघडलं. पाचर खोल. ताजे घाव.

कुशल अल क्वोजला आहे.

७ डिसेंबर

दुपारी हे चालायला जातो म्हणून निघाले. ह्या उन्हात. मी थोड्या वेळाने वर्कशॉपला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत हे बसलेले, रिव्हॉल्व्हर दोन्ही गुडघ्यांत धरलेलं. हातात पाचर. ती फटीत जाईचना, हात नुसता आजूबाजूला फिरत होता. पडली. वाकून शोधली, शर्टाला पुसली, परत. परत पडली. शेवटी कशीतरी टोक शिरलं, तशी पितळी हातोडी घेऊन मारत सुटले. राग काढल्यासारखे. कानशिलांवरून घाम गळत होता. चरबीचा डबा बाजूला, झाकणही उघडलेलं नाही. बोटांना जमणारच नाही ते.

मी दारातच उभी. ह्याच हातांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझं बंद पडलेलं घड्याळ खोलून दिलं होतं. आत जाऊन ती पाचर मीच बसवून द्यावी असं वाटलं. हे खरं आहे, लिहून ठेवते.

मग त्यांनी मला बघितलं.

"एक तरी माझ्या हातचं असावं म्हणून," म्हणाले. "बाकी सगळी तुझीच आहेत."

"इद्रीसचा हात गेला असता."

"गेला नाही ना."

"आणि कुशल?"

"त्याचं झालं ते झालं. नाव तूच घेतलंस, शोभना. मी नाही घेतलं."

हे ऐकल्यावर आतून जे काही भरून आलं होतं ते जागच्या जागी सुकलं. म्हटलं, मी एमानला सांगणार. माझं, तुमचं, दोन्ही. दोघं एकाच गाडीतून घरी आलो. रेडिओ लावला त्यांनी.

८ डिसेंबर

एमान दिवसभर दुबईला होती. संध्याकाळी ऑफिसात आली तेव्हा मी रिंगणात होते. उद्या.

९ डिसेंबर

सकाळी एमानच्या केबिनमध्ये गेले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बसा. मिस्टर विजय काल संध्याकाळी येऊन गेले."

एक क्षण इतकं हलकं वाटलं.

मग म्हणाली, "ते सांगत होते की तुमचा हात जड आहे. किती वेळा शिकवलं तरी पाचर ठोकताच. कुशलवर ढकललंत तेव्हा बायको म्हणून त्यांनी तुमचीच री ओढली."

मी म्हटलं, "त्यांना बोलवा. टेबलावर दोन रिव्हॉल्व्हरं ठेवा, खोललेली. एक ते जोडू देत, एक मी जोडते."

हे आले. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.