बिनपाण्याची झाडं

बापूनगर, जयपूर
एप्रिल १९६३

प्रिय प्रभाकर,

नुसतं नाव लिहायची मुभा लग्नानंतर तुम्हीच दिली होती. एरवी मी ती फारशी घेत नाही. आज घेते आहे, कारण जे लिहायचं आहे ते ‘अहो’ म्हणत लिहायला बसले तर निम्मं गिळून टाकीन.

आधी बागेची खबर. होळीला आलात तेव्हा अंगणात काठीने रेघा ओढून दिल्या होत्यात, त्याच रेघांवर सगळं लावलं आहे. पुढे कण्हेर, फाटकाशी पिवळा टिकोमा, पश्चिमेच्या भिंतीला बोगनवेल आणि माथुरांच्या बाजूला मेंदीचं कुंपण. कण्हेरीने नवी पानं धरली आहेत. परवा फाटक उघडं राहिलं तर गाय आत शिरली आणि माझ्या जुन्या जास्वंदीचा शेंडा खाऊन गेली. कण्हेर शेजारीच होती, पण विषारी म्हणून तिला तोंडसुद्धा लावलं नाही. तेव्हा तुमची निवड इथल्या हवेला, पाण्याला आणि जनावरांना धरूनच आहे. हे अगोदर कबूल करते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी कण्हेरीवरच रागावले आहे.

मला प्रश्न पडला तो असा. या घराला कुंपण घातल्यापासून बाग मी बघत आले. तुम्ही व्हरांड्यात पेपर वाचायचात आणि ‘काय फुललंय?’ एवढं विचारून पान उलटायचात. दिल्लीला बदली झाल्यावर तर सुट्टीत येऊन झोपा काढणं एवढाच तुमचा कार्यक्रम. आणि या होळीला चहा गार होईपर्यंत तुम्ही अंगणात फिरत होता, ऊन कुठून येतं, उन्हाळ्यातली गरम लू कुठून आत घुसते ते बघत होता. मी म्हटलं, पायरीशी दोन मोगरे लावू. तुम्ही म्हणालात, “मोगरा नको. रोज पाणी मागतो.” गुलाब? “त्याची तर नोकरीच करावी लागते.” मग म्हणालात, “मुळं एकदा खोल गेली की वर कुणी आहे की नाही, झाडाला पत्ता लागत नाही, अशी झाडं लावू.” मी हसले होते. तुम्ही हसला नव्हता.

तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माझीच काळजी आहे. सकाळी नळ थोडा वेळ येतो, कॉलेजची घाई असते, त्यात मी बादल्या ओढते, ते तुम्हाला बघवलं नसेल. रोजनिशीत तसं लिहिलंही, जरा गोड शब्दांत. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि मनात आलं, मग सरळ ‘सुनंदा, तुला त्रास नको म्हणून’ असं का नाही म्हणालात?

पुढे मिसेस माथुरांनी भर घातली. मी कण्हेरीला आळं करत होते, त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “बहनजी, इतनी कनेर! कोठी बंद करके जा रहे हो क्या?” मी म्हटलं, नाही हो, पाणी कमी लागतं म्हणून. तर म्हणाल्या, “वही तो! जहाँ पानी देनेवाला न हो, वहीं लगाते हैं।” आणि खो खो हसल्या. त्यांच्या थट्टेवरून नवऱ्यावर संशय घेणं मला शोभत नाही, हे मी स्वतःला बजावलं. पण त्या दिवसापासून मी तुमच्या प्रत्येक गोष्टीकडे डोळे बारीक करून बघायला लागले, हेही खरं.

दिवाळी नाही, कार्य नाही, तरी तुम्ही घराला चुना का लावून घेतलात? मागच्या खोलीचं मोडकं दार वर्षभर मी सांगत होते, ते एकाएकी कसं दुरुस्त झालं? आणि विभा. सबंध होळीची सुट्टी तुम्ही तिला मराठी शुद्धलेखन घातलंत. ती वैतागून मला म्हणाली, “आई, बाबांना झालंय काय? इथे स्कूलमध्ये मराठी आहेच नाही. मतलब, मी कुठे लिहिणार?” मी म्हटलं, आपली भाषा आहे, यायला हवी. पोरगी म्हणाली, “हां, पर इतकी अचानक?”

एक विचार असा आला की तो लिहू की नको, यात दोन दिवस गेले. लिहिते, कारण लपवला तर तुमच्यात आणि माझ्यात फरक राहणार नाही. मला वाटलं, दिल्लीत तुमचं दुसरं कुणी आहे, आणि हे घर नीट आवरून, रंगवून, कुंपण घालून तुम्ही मला ठेवून जाता आहात. लगेच दुसरं मन म्हणालं, मूर्ख बाई, ठेवून जाणारा माणूस मोगरा लावू देईल. पाणी घालायला तू असशीलच की. मग उलगडत गेलं. ही झाडं तुम्ही निवडली ती तुमच्याशिवाय जगावीत म्हणून नाहीत. माझ्याशिवाय जगावीत म्हणून आहेत. म्हणजे मी इथे नसणार, हे तुम्ही धरून चालला होता. पण कुठे असणार, ते कळेना. तुमच्यावर घेतलेला तो हलका संशय मी मागे घेते, त्याबद्दल क्षमा मागते. बाकीचा मागे घेता येत नाही, कारण गेल्या रविवारी तो चालत घरी आला.

दुपारची चार वाजायची वेळ. फाटकाशी मराठीत हाक आली म्हणून मी आनंदाने धावले. बँकेत नव्याने बदलून आलेले उत्तमराव आणि त्यांच्या पत्नी इंदुबाई. मला वाटलं, महाराष्ट्र मंडळाची वर्गणी असेल. त्यांना बसवलं, पन्हं दिलं. इंदुबाईंनी पेला ठेवला आणि म्हणाल्या, “स्वयंपाकघर बघू का? प्रभाकरराव म्हणाले, जुलैत रिकामं होतंय.” मी म्हटलं, काय रिकामं होतंय? त्या हसून म्हणाल्या, “घर हो! तुम्ही साताऱ्याला जाणार ना, सासूबाईंकडे? खरंच, आजकाल कोण करतं इतकं! जाऊबाईंना केवढा आधार होईल.” उत्तमराव आपले बागेकडे बघत म्हणाले, “हिला गुलाबांचं वेड आहे. पण तुमचे मिस्टर म्हणाले, झाडं अशी लावून देतो की भाडेकऱ्याला ढुंकून बघायला नको.”

मी त्यांना स्वयंपाकघर दाखवलं. मागची खोली दाखवली, दुरुस्त झालेलं दार उघडून-लावून दाखवलं. पाहुण्यांसमोर तुमचा शब्द खाली पडू नये एवढंच त्या वेळी सुचलं. इंदुबाई जाताना माझा हात धरून म्हणाल्या, “नोकरी सोडताना वाईट वाटत असेल ना?” मी मान हलवली. त्यांनी तिचा काय अर्थ घेतला, कोण जाणे.

तेव्हापासून मी रोज स्वतःला विचारते आहे, सासूबाई अंथरुणावर असताना मी नोकरीला आणि घराला चिकटून बसते, हा माझा स्वार्थ आहे का? थोडा आहे. कॉलेजातल्या मुलींसमोर उभं राहायला मला आवडतं, ते काही कुणाच्या सेवेसाठी नाही. साताऱ्याला वहिनी एकट्या त्यांचं करून दमल्या आहेत, हेही खरं. तुम्ही होळीला पायरीवर बसून मला हे सगळं सांगितलं असतंत तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित हो म्हटलं असतं. ते भांडण-रडणं नको म्हणूनच विचारलं नाहीत का? की नाही म्हणेन या भीतीने? मला दोन्ही शक्य वाटतात आणि दुसरं जास्त टोचतं. साताऱ्याला तुमच्या दादांना ठाऊक असणारच, भाडेकऱ्याला ठाऊक, अंगणातल्या रेघांनासुद्धा ठाऊक, आणि मला नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. कितीही काटक झाड असलं तरी पहिला उन्हाळा त्याला पाणी द्यावंच लागतं. मुळं खाली पोचेपर्यंत कण्हेरसुद्धा लूपुढे माना टाकते. रोज संध्याकाळी मी बादल्या ओढते आहेच.

हे पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की काल सकाळी मी इंदुबाईंकडे जाऊन आले. त्यांना सांगितलं, घर रिकामं होत नाही, तुम्ही दुसरं बघा, मीही शोधायला मदत करते. त्या गोंधळल्या, “पण प्रभाकरराव तर...” मी म्हटलं, त्यांना अजून कळायचं आहे. मे महिन्याची सुट्टी लागली की मी विभाला घेऊन साताऱ्याला जाईन, तुमच्या आईंचं सगळं मनापासून करीन, आणि वहिनींना तेवढे दिवस माहेरी पाठवीन. तुम्ही रजा काढून इथे या आणि झाडं जगवा. जुलैत कॉलेज उघडेल तेव्हा मी वर्गात असेन. त्यापुढे सासूबाईंचं काय करायचं ते आपण ठरवू. त्यांना इथे आणायचं म्हणालात तरी माझी तयारी आहे. तुम्हाला हे मान्य नसेल तर तसं लिहा. पण मला लिहा. दादांना नको, उत्तमरावांना नको. मला.

तुमचीच,
सुनंदा